पानावरचं सहावं नाव

पुढे जे काही सांगणार आहे त्याच्याआधी शर्लीचं नाव लिहितो. शेवटी लिहिलं तर ते आभारप्रदर्शन होतं, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला उठतात, हे मी मिरजेत पुष्कळदा बघितलंय. तर शर्ली. वय सत्तरीच्या आसपास, दोन्ही गुडघे गेलेले, कानांत मोठाले लाल डूल. आमच्या केंद्रात शिकवायची. तिने मला जे दिलं ते काय, हे समजायला थोडी मागची हकिगत लागेल. ती सांगेपर्यंत नाव मात्र लक्षात ठेवा.

मी ऑस्ट्रेलियात कालगुर्लीत असतो. सोन्याच्या खाणीचं गाव. पर्थहून गाडीने निघालात तर दिवस मोडतो. इथे मराठी माणूस येतो तो खाणीत इंजिनिअर म्हणून, नाहीतर हॉस्पिटलात डॉक्टर किंवा नर्स म्हणून. मी यांपैकी काही नाही. नर्स माझी बायको, वैशाली. व्हिसाच्या कागदावर ती मुख्य अर्जदार आणि मी सोबतचा. विमानात प्रत्येकाला थोडं सामान सोबत नेता येतं, त्यातलाच प्रकार.

शिक्षण नववी. दहावीच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि मी झेरॉक्सच्या दुकानात उभा राहिलो. पुढे मालकाने त्यातच चार कॉम्प्युटर टाकून सायबर कॅफे केला, तोही मीच बघायचो. मिरजेत कॉलेजं भरपूर. हजारो लोकांच्या डिग्र्या माझ्या हाताखालून गेल्या, सरळ, उलट, लहान करून, मोठ्या करून. माझी स्वतःची एकही नव्हती. इथे आल्यावर नोकरीच्या अर्जात 'शिक्षण' या रकान्यापाशी मी बराच वेळ बसायचो आणि मग चहा करायला उठायचो.

आमचं केंद्र मोठ्या माणसांना शिकवणारं. कुणाची शाळा राहिलेली, कुणाचं इंग्रजी. त्यांनी मला खुर्च्या लावायला ठेवलं. पुढे खुर्च्यांची गरज संपली, कारण माणसं यायची थांबली. खाणीतला माणूस दोन आठवडे कॅम्पवर आणि एक आठवडा घरी. दुसरा स्टेशनवर. इथे स्टेशन म्हणजे गुरांचं अफाट रान, गाडी तिथे थांबत नाही. अशी माणसं मंगळवारी दुपारी, म्हणजे इथल्या भाषेत आर्वोला, वर्गात कुठून येणार? मग वर्ग नेटवर गेला, आणि खुर्च्या लावणाऱ्याला वर्ग लावायचं काम मिळालं.

हे काम काय, ते मिरजेला फोनवर समजावताना माझी अजून पंचाईत होते. मेव्हणा म्हणतो, "म्हणजे ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकतोस का?" तसं नाही. एक पान असतं. कागदाचं नव्हे, स्क्रीनवरचं. सहा माणसं सहा ठिकाणांहून तेच पान उघडतात आणि एकाच वेळी त्यावर लिहितात. प्रत्येकाचा एक रंगीत दांडा, म्हणजे कर्सर, पानावर फिरतो आणि त्याला नावाची चिठ्ठी असते. कोण कुठे लिहितंय, कोण अडलंय, कोण नुसतंच बसलंय, सगळ्यांना सगळं दिसतं. समासात एकमेकांना शेरे देता येतात. चुकून काही पुसलं गेलं तर कालचं पान परत आणता येतं, कारण यंत्र जुनी पानं टाकून देत नाही. वर्ग चालू असताना मी केंद्रातल्या छोट्या खोलीत बसायचो. कुणाचा आवाज बंद, कुणाचं पान उघडत नाही, कुणाचं मांजर कीबोर्डवर, हे सगळं माझ्याकडे.

माणसंही एकेक नग. एक म्हातारबा सोनं शोधायचे. हातात यंत्र घेऊन रानात हिंडायचे आणि त्याबद्दल सुरेख लिहायचे. फक्त जागेचं नाव आलं की थांबायचे, आजूबाजूला बघितल्यासारखा त्यांचा दांडा गप्प व्हायचा, आणि मग ती ओळ पुसली जायची. वर्गाचं इंग्रजी सुधारलं ते त्या पुसलेल्या ओळी वाचण्याच्या घाईने. कॅम्पवरची एक फिलिपिनो स्वयंपाकीण प्रत्येक वाक्यानंतर समासात सॉरी लिहायची. शर्लीने तिला सांगितलं, "लव्ह, एकदाच मोठा सॉरी लिहून ठेव, वर्षभर पुरेल."

शर्लीने आयुष्यभर रेडिओवरून शिकवलं होतं. स्टेशनवरची पोरं शाळेपासून शेकडो मैल लांब, त्यांना रेडिओवर धडे. त्यामुळे न दिसणाऱ्या माणसाला शिकवणं तिला नवं नव्हतं. ती म्हणायची, "रेडिओवरची शांतता दोन प्रकारची असते, गॅझ. एक विचार करणाऱ्या पोराची. दुसरी, कोकरू बघायला पळून गेलेल्या पोराची. पहिलीला थांबायचं, दुसरीला ओरडायचं." गॅझ म्हणजे मी. गजानन. पहिल्याच दिवशी तिने ते कापून हातात दिलं.

तिची पद्धत साधी. पहिल्या तासाला ती स्वतः सगळ्यांसमोर लिहायची, आणि त्यात भरपूर चुका असायच्या. मला वाटलं, लोकांची भीड मोडावी म्हणून मुद्दाम करते. तसं नव्हतं. तिचं स्पेलिंग खरोखरच कच्चं होतं. रेडिओवर स्पेलिंग दिसत नाही. पण त्या चुका ती झाकायची नाही, आणि मग वर्गातला कुणीतरी घाबरत समासात लिहायचा, 'शर्ली, इथे दोन टी लागतात.' ती लिहायची, 'थँक्स मेट.' त्या माणसाने शाळेत मास्तरणीची चूक कधी काढलेली नसायची. पुढच्या आठवड्यात तो दोन परिच्छेद लिहायचा.

मी मात्र पानावर नाव न देता बसायचो. नाव न देता पान उघडलं की यंत्र तुम्हाला एखाद्या जनावराचं नाव देतं. मला वॉम्बॅट मिळाला आणि तोच चिकटला. बिळात राहणारं, गुबगुबीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्गात चर्चा झाली की हा वॉम्बॅट कोण. शर्लीने सांगितलं, "तो आपली खोली सांभाळतो. चावत नाही."

आता ज्या सत्राबद्दल सांगायचंय ते. केंद्राच्या मॅनेजरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की लिहिण्याच्या वर्गात सहा नावं हवीत, नुसती पटावर नव्हे, पानावर लिहिणारी. सत्राच्या मध्यावर शुक्रवारी त्या मोजणार. सहाच्या खाली गेलं तर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे खोली बंद, आणि खोलीत मी. दुसरीकडे अर्ज करायचा म्हणजे पुन्हा तो रकाना आणि पुन्हा तो चहा.

त्या सत्रात बरोबर सहा जण होते. त्यांतले दोन गोष्टीसाठी लागतील. एक ट्रेव्ह, खाणीतला ट्रक चालवणारा, पंचेचाळीसचा, लहानपणी शाळा चुकवलेला, कॅम्पच्या जेवणाच्या खोलीतून फोनवर लिहिणारा. दुसरे निकम गुरुजी.

निकम गुरुजी कराडकडच्या एका हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा इथे खाणीत इंजिनिअर, त्याच्याकडे वर्षभरासाठी आलेले. घरी बसून नातवाचं मराठी आणि सुनेचं वेळापत्रक सुधारत होते, म्हणून मुलाने त्यांना आमच्या वर्गात घातलं. वर्ग सुरू झाला की त्यांची पहिली ओळ यायची, 'गुड आफ्टरनून. मे आय कम इन?' आणि ते थांबायचे. दांडा दारात उभा. शर्लीने 'कम इन, लव्ह' लिहिलं की मगच आत. 'लव्ह' वाचून पहिल्या दिवशी ते उठून गेले होते. मुलाने समजूत घातली की इथे दूधवाल्यालाही तसंच म्हणतात.

पहिला तास झाला आणि संध्याकाळी पान कोरं. सगळ्यांचं लिहिणं गायब. मी कालचं पान परत आणलं. दुसऱ्या आठवड्यात तेच. मला वाटलं, स्टेशनवरच्या कुणाचं तरी नेट खराब आहे. तिसऱ्या आठवड्यात वर्ग संपल्यावर मी वॉम्बॅट होऊन बसून राहिलो. एकेक दांडा गेला. शेवटी 'निकम' नावाचा उरला. त्याने सगळं पान निवडलं, स्वच्छ पुसलं, आणि या खेपेला उजव्या कोपऱ्यात लिहिलंही: तारीख. पट ६. हजर ६. खाली मध्यभागी एक सुविचार, इंग्रजीत. मग दांडा गेला.

हे नेट नव्हतं. ही शिस्त होती. तास संपला की फळा पुसायचा, पुढच्या मास्तराला घाण फळा द्यायचा नाही. जगात हे काम असं मन लावून फक्त आमच्याकडचा हेडमास्तरच करू शकतो.

मी शर्लीला सांगितलं. ती इतकी हसली की डूल हलले. "जाऊन सांग त्यांना."

"ते हेडमास्तर आहेत."

"बरं, मग?"

"माझी नववी झालीय."

ती माझ्याकडे बघत राहिली. दोन वाक्यांचा संबंध तिला लागेना. हे ऑस्ट्रेलियन माणसाला समजावता येत नाही.

मी दर आठवड्याला मुकाट पान परत आणत राहिलो. तेवढ्यावर भागलं असतं. पण गुरुजींना वाटलं, नुसता फळा पुसून काय उपयोग, वह्याही तपासाव्यात. एका मंगळवारी, तासाला अवकाश असताना, ते पानावर आले आणि सगळ्यांचं इंग्रजी दुरुस्त केलं. समासात नव्हे, थेट आत जाऊन. आधी शर्लीचं. मग म्हातारबांचं. मग ट्रेव्हचं.

ट्रेव्हने त्याच्या ट्रकबद्दल लिहिलं होतं. आयुष्यातला पहिला पूर्ण परिच्छेद, त्याला तीन आठवडे लागले होते. त्यात एक वाक्य होतं की माझा ट्रक घराएवढा मोठा आहे आणि माझ्या मेव्हण्यापेक्षा हुशार. गुरुजींनी तिथे लिहिलं, 'हे एक अवजड आणि समाधानकारक वाहन आहे.' मेव्हणा काढून टाकला. नातेवाइकांबद्दल चारचौघांत असं लिहू नये.

आर्वोला वर्ग भरला. ट्रेव्हचा दांडा आला, त्याच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला थांबला, एकेक ओळ करत शेवटापर्यंत गेला, आणि शेवटी तिथे दोन शब्द उमटले. 'नो वरीज.' म्हणजे इथल्या भाषेत, काही हरकत नाही. मग दांडा गेला. ही शांतता तिसऱ्या प्रकारची होती, शर्लीच्या यादीत नसलेली. ती जोरात बोलली, ट्रेव्ह, लव्ह, परत ये. पान तसंच राहिलं.

मी जुनं पान परत आणलं. मेव्हणाही परत आला. ट्रेव्ह आला नाही. तो दुसऱ्याही मंगळवारी आला नाही. मॅनेजरबाईंचा शुक्रवार तीन दिवसांवर होता आणि पानावर लिहिणारे पाच.

बुधवारी ट्रेव्ह मला सुपरमार्केटात दिसला. कॅम्पवरून आठवड्याच्या सुट्टीवर आलेला, ट्रॉलीत कुत्र्याचं खाणं आणि बिअर. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मेट, राग नाही. म्हातारा इंग्लंडच्या राणीसारखं लिहितो. मी ट्रक चालवतो. संपलं."

"तुझं सगळं परत आणलंय. जसंच्या तसं. मेव्हण्यासकट."

"बघितलं मी."

"मग ये की. शुक्रवारी मोजणार आहेत. तू नसलास तर वर्ग जाईल आणि माझं कामही जाईल."

त्याने ट्रॉली थांबवली. "एक विचारू? तू लिहितोस का तिथे?"

"मी खोली सांभाळतो."

"म्हणजे वॉम्बॅट."

"हो."

"मग काठावर बसून मला पाण्यात उतर म्हणू नकोस." आणि तो मांसाच्या काउंटरकडे गेला. जाताना म्हणाला, "सी या, मेट." चिडून नव्हे. ते जास्त लागलं.

तिथून मी सरळ निकम गुरुजींकडे गेलो. ते घरासमोरच्या बागेत बाकावर बसले होते, डोक्यावर मुलाच्या खाणीतली टोपी. मी उभाच राहिलो. त्यांनी बस म्हटलं तरी उभा राहिलो.

"बोल गजानन."

"गुरुजी, एक विनंती होती. तास संपल्यावर फळा पुसू नका."

त्यांनी टोपी मागे सरकवली. "पुढच्या तासाच्या मास्तरांना तसाच द्यायचा?"

"पुढचा तास नसतो, गुरुजी. तोच तास चालू असतो. पुढच्या मंगळवारी लोक तिथूनच पुढे लिहितात."

"मग सुटी कधी होते?"

"होत नाही."

हे त्यांना पसंत पडलेलं दिसलं नाही. "आणि वह्या? त्या कुणी तपासायच्या? त्या बाईंना स्वतःला स्पेलिंग येत नाही. मी डोळ्यांनी बघितलं."

"बाजूला, समासात शेरा द्यायचा. आत हात लावायचा नाही. तो ट्रकवाला त्यानेच गेला." आणि मग मी सगळं सांगितलं. शुक्रवार, सहा नावं, माझी खोली.

गुरुजी टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं, चुकीचं तसंच ठेवलं तर पोराचं हसं होईल. म्हणून आधीच नीट करून ठेवलं. इतकी वर्षं तेच करत आलो." मग एकदम विचारलं, "तू किती शिकलास रे?"

आली वेळ. "नववी."

"नापास?"

"नाही. पास. दहावीला बसलो नाही."

"मग बस की," ते म्हणाले. जसं काही कराडला खिडकीवर फॉर्म मिळत होता. "वर्गात एक जागा रिकामी झालीय म्हणतोस. तुझ्यासारख्यानं बसायचं नाही तर कुणी?"

मी घरी आलो तेव्हा वैशाली ड्यूटीला निघण्याच्या गडबडीत होती. तिला विचारण्याआधी मी मॅनेजरबाईंना फोन करून नियम विचारला होता. केंद्रातल्या माणसाला विद्यार्थी होता येतं. फक्त त्या सत्रापुरतं त्याचं नाव कामाच्या रोस्टरवरून काढावं लागतं. एकाच खोलीत एक माणूस नोकर आणि विद्यार्थी दोन्ही नाही. आणि पुढच्या सत्रात त्या जागी कुणाला घ्यायचं, ते तेव्हा बघू.

वैशाली बुटाची नाडी बांधता बांधता थांबली. "म्हणजे नोकरी वाचवायला नोकरी सोडायची?"

"वर्ग वाचवायला. वर्ग राहिला तर खोली राहील. खोली राहिली तर..."

"तर दुसरा कोणीतरी तिथे बसेल."

"हो. बसू शकेल."

"आणि तू?"

"मी लिहीन."

तिने दुसरी नाडी बांधली. मग म्हणाली, "दुपारी घरी असणार म्हणजे डबा तूच करायचास. आणि गजानन, इंग्रजी मला दाखवू नकोस. मी घरी पेशंट बघत नाही."

गुरुवारी आर्वोला मी केंद्रात गेलो, विद्यार्थ्यांच्या फॉर्मवर सही केली आणि त्या 'शिक्षण' रकान्यात नववी लिहिलं. कुणी काही बोललं नाही. काउंटरवरच्या मुलीने फक्त विचारलं की फोन नंबर तोच ना. मग मी माझ्याच खोलीबाहेर बाकावर बसून फोनवर पान उघडलं, आणि वॉम्बॅटऐवजी माझं नाव आलं. हिरवा दांडा, वर चिठ्ठी, गजानन. मला वाटलं, अख्खं कालगुर्ली बघतंय. दोनच माणसं होती, शर्ली आणि स्वयंपाकीण.

काय लिहावं कळेना. ट्रक नव्हता, सोनं नव्हतं. मग मिरजेचं दुकान लिहिलं. माझ्या इंग्रजीचा मराठीत अनुवाद करायचा तर साधारण असा होतो: 'मी नववीनंतर शाळा सोडतो. मी दुसरे माणूस सर्टिफिकेट कॉपी करतो. मशीन गरम असायची. हिवाळ्यात सगळी पोरं फीच्या पावत्या घेऊन येतात आणि मशीनला हात शेकतात. मी त्यांना थांब म्हणत नाही. तेवढाच मी कॉलेजात.' पाच-सहा ओळी. दुपार गेली. फोन घामाने निसटत होता.

शर्ली आपल्या जागेवरून बघत होती. तिने एकही शेरा दिला नाही. नंतर कळलं, ती तेव्हा ट्रेव्हला फोन करत होती. एवढंच म्हणाली होती, "वॉम्बॅट बिळाबाहेर आलाय. बघायचा असला तर बघून जा."

शुक्रवारी मॅनेजरबाईंनी पान उघडलं आणि पेन टेकवत नावं मोजली. सहा. वर्ग राहिला. त्या गेल्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, दोनदा.

मंगळवारी वर्ग भरला. 'गुड आफ्टरनून. मे आय कम इन?' आलं, गुरुजी आत आले. थोड्या वेळाने पानावर आणखी एक दांडा उगवला, निळा. ट्रेव्ह. कुणालाही काही न म्हणता तो माझ्या ओळींपाशी गेला आणि समासात एकेका अक्षरावर थांबत लिहू लागला. आम्ही सगळे बघत होतो. शेरा असा होता: 'मशीन गरम असायची, हे वाक्य बरोबर आहे. बाकी सगळं चुकलंय. चालू ठेव.'

मला शाळेत आणि शाळेबाहेर मिळालेला हा सगळ्यात चांगला शेरा. गुरुजींनी त्याखाली लिहिलं, 'मी सहमत आहे. परवानगी असल्यास दोन सूचना करू का?' ट्रेव्हने लिहिलं, 'समासात, मेट.' गुरुजींनी समासात केल्या. दोन म्हणून सतरा केल्या, पण समासात.

आता पानावर सात नावं झाली. माझ्या सहाव्या नावाची गरज उरली नव्हती. मी मॅनेजरबाईंकडे जाऊन विचारलं, माझं नाव विद्यार्थ्यांतून काढून रोस्टरवर परत घेता येईल का. त्या म्हणाल्या, सत्राच्या मध्ये बदलता येत नाही. नियम होता. मी थँक यू म्हणालो. मी नियमाला नेहमी थँक यू म्हणतो. सवय आहे.

पण खोली कोण बघणार? पगारी जागा रिकामी होती. दुसऱ्याचं नाव एकदा रोस्टरवर चढलं की पुढच्या सत्रात ते उतरणार नाही, हे मला माहीत होतं, मॅनेजरबाईंना माहीत होतं, आणि शर्लीलाही. ती मॅनेजरबाईंना म्हणाली, "कुणाला घेऊ नका. मी बघते." शिकवायचं सांभाळून, वर्गाआधी आणि वर्गानंतर, फुकट. सत्र संपेपर्यंत.

मी काचेतून बघायचो. सत्तरीची बाई टेबलाखाली वाकून वायरी लावायची, उठताना एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने भिंत धरायची. स्टेशनवरून फोन आला की आवाज येत नाही, की ती पुन्हा खाली. एकदा मला राहवलं नाही. आत जाऊन म्हणालो, "शर्ली, दे इकडे. मी करतो."

"बाहेर हो. तू विद्यार्थी आहेस. विद्यार्थ्याने वायरींना हात लावायचा नाही. इन्शुरन्स."

"तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझे आहेत. तुझा परिच्छेद कुठाय? मंगळवार उद्या आहे."

मी बाहेर झालो आणि परिच्छेद लिहिला. दुसरं काही करणं हाती नव्हतं. त्या सत्रात मी इतकं लिहिलं की झेरॉक्सच्या दुकानातले सगळे लोक संपले, आणि मग मला आमच्या नववीच्या वर्गाकडे वळावं लागलं. गुरुजींनीही एकदा स्वतःबद्दल लिहिलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते सवयीने शाळेत गेले होते आणि शिपायाने त्यांना आदराने पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यात त्यांनी काळ चुकवला होता, तीन ठिकाणी. कुणी शेरा दिला नाही. शेवटी त्यांनीच समासात लिहिलं, 'कृपया तपासावे.' ट्रेव्हने तपासलं. त्याला दोन चुका सापडल्या.

सत्र संपलं. मला एक सर्टिफिकेट मिळालं, शाळेच्या लिहिण्याइतकं लिहिता येतं असं सांगणारं. त्याची मी झेरॉक्स काढली. एकच, जास्त नाही. नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी केंद्रात गेलो तर रोस्टरवर माझं नाव, आणि खोलीत शर्ली खुर्चीत पाय लांब करून बसलेली. "घे बाबा तुझी खोली," ती म्हणाली. "टेबलाखालचा तो डावीकडचा प्लग सैल आहे. मी त्याच्याशी बोलत नाही." मी काहीतरी म्हणायला गेलो. मराठीत जे म्हणायचं होतं ते इंग्रजीत होईना, आणि इंग्रजीत जे होत होतं ते फार लहान. ती म्हणाली, "नो वरीज, गॅझ," आणि भिंत धरून उठली.

आज मी त्या खोलीत कायम आहे. आता एका मंगळवारी तीन पानं चालतात. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी माझ्या नावाने दोन ओळी लिहितो, येतील तशा. गुरुजी कराडला परत गेले, तिथून अजून वर्गात असतात. वेळेतल्या फरकामुळे त्यांचा तास सकाळच्या चहाच्या वेळी पडतो. ट्रेव्ह ट्रकच चालवतो. मेव्हण्याने तो परिच्छेद वाचला आणि दोघांचं बोलणं बंद आहे, असं त्याने आनंदाने कळवलंय.

शर्ली गेल्या हिवाळ्यात एस्परन्सला बहिणीकडे राहायला गेली. समुद्रकाठचं गाव, इथून गाडीने चार तासांवर. गुडघे होतेच, आता डोळे चाललेत. पान तिला वाचता येत नाही. फोनवर विचारते, "कोण काय लिहितंय?" आणि मी वाचून दाखवतो. मध्यंतरी तिने सांगितलं की रेडिओवरच्या त्या सगळ्या वर्षांबद्दल तिला लिहायचं होतं. दुसऱ्यांना लिहायला लावता लावता स्वतःचं राहून गेलं, आणि आता दांडाच दिसत नाही.

तर शर्ली, हे तुला वाचता येणार नाही, मराठी असल्यामुळे तर नाहीच. तरी लिहून ठेवतो. एक दिवस मी एस्परन्सला येणार आहे. तू बोलायचं, मी लिहायचं, तुझं सगळं, पहिल्या पोरापासून. एवढ्या लांब गाडी मी एकट्याने अजून नेलेली नाही. संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात आणि मला भीती वाटते. म्हणून सकाळी निघेन. ह्या ख्रिसमसच्या सुटीत नाही जमलं तर पुढच्या. पण येणार. व्हरांड्यात एक खुर्ची माझ्यासाठी ठेव.